भांग रुंदावण्याआधी

संशयी : माणसाच्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले ५० ते १०० रोज गळतात. एकेक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ आटोपते, त्यानंतर दोन-तीन महिने तो मुळाशी नुसता टिकून असतो आणि शेवटी सुटतो. कोणत्याही दिवशी पाहिले तर दहातला एखादा केस या सुटण्याच्या वाटेवर असतोच. आठवड्यातून एकदाच डोक्यावरून न्हाणाऱ्या बाईच्या हाताला त्या दिवशी तीनशे-चारशे केस लागले, तरी त्यात वावगे काही नाही. रोज न्हाणाऱ्या पुरुषाचे तेवढेच केस सात दिवसांत विभागून मोरीतून वाहून जातात, एवढाच फरक. गळलेल्या केसाच्या टोकाला पांढरी गाठ दिसली की केस मुळासकट उपटला गेला, असे घरोघरी समजतात. ती गाठ केसाने आपला काळ पुरा केल्याची निशाणी असते, मूळ कातडीतच राहते आणि तिथूनच नवा केस येतो. अशा परिस्थितीत ‘विरळपणाची सुरुवातीची लक्षणे ओळखा’ असे लोकांना सांगत सुटणे म्हणजे धडधाकट माणसांना रोज कंगवा तपासायला बसवणे आहे.

आग्रही : कंगवा तपासू नये, हे आधीच मान्य करून टाकावे, कारण विरळपणाचा खरा पुरावा कंगव्यात नसतोच. केस गळणे आणि केस विरळ होणे या दोन वेगळ्या घटना आहेत आणि बहुतेक घोटाळा त्या एक मानल्यामुळे होतो. आनुवंशिक विरळपणात गळणाऱ्या केसांची संख्या फारशी वाढत नाही. गळलेल्या केसाच्या जागी येणारा नवा केस थोडा बारीक असतो, थोडा आखूड राहतो आणि लवकर सुटतो. त्याच्या जागचा त्याहून बारीक. अशा काही फेऱ्यांनंतर त्या जागी डोळ्यांना न दिसणारी लव उरते. टेस्टोस्टेरॉनपासून बनणारा डीएचटी हा संप्रेरक या बारीक होण्यामागे असतो, आणि मुळे त्याला किती दाद देतात हे आनुवंशिकतेवर ठरते. जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४२ साली दाखवले, की वयात येण्याआधीच ज्यांची वृषणे निकामी झाली त्या पुरुषांना टक्कल पडत नाही, मात्र त्यांच्यातल्या घराण्यात टक्कल असलेल्यांना टेस्टोस्टेरॉन बाहेरून दिले तर ते पडू लागते. पुढे पुरुषांच्या टकलाच्या पायऱ्या ठरल्या, त्या १९७५ साली नॉरवूडने सुधारल्या, आणि स्त्रियांसाठी लुडविगने १९७७ साली तीन पायऱ्यांची वेगळी मोजपट्टी दिली. स्त्रियांची मोजपट्टी वेगळी लागली, कारण त्यांची कपाळावरची केसांची रेघ बहुधा जागच्या जागी राहते आणि विरळपणा मधल्या भांगातून दोन्ही बाजूंना पसरतो.

म्हणून पाहायचे ते डोक्यावर. वेणीला किंवा शेपटीला बांधायच्या रबराचा एक वेढा पूर्वीपेक्षा जास्त बसू लागतो. भांग मागे टाळूकडे जितका असतो त्याहून पुढे कपाळाकडे जास्त रुंद दिसू लागतो. पुरुषांत कपाळाचे दोन्ही कोपरे आत सरकतात किंवा टाळूवरच्या भोवऱ्याभोवती कातडी दिसू लागते. गोव्यात आगरवाड्याच्या मिठागरात किंवा डिचोलीतल्या शेतात भर उन्हात काम करणाऱ्याला टाळूवर पूर्वी कधी न लागलेले ऊन चटकू लागते. आणि सर्वांत बोलकी खूण म्हणजे भांगाच्या कडेला लांब जाड केसांच्या सोबतीला आलेले आखूड, मऊ, बारीक केस. स्वतःची टाळू स्वतःला दिसत नाही, म्हणून पुरुषांच्या बाबतीत हे पहिल्यांदा कळते ते सलूनवाल्याला. तो दर महिन्याला तेच डोके त्याच कोनातून पाहतो. भिडेखातर बोलत नाही, ही गोष्ट वेगळी.

संशयी : वर्णन बिनचूक आहे, पण यातले एक तरी लक्षण खरोखर ‘सुरुवातीचे’ आहे का? केसांची दाटी निम्म्याच्या आसपास कमी होईपर्यंत उघड्या डोळ्यांना विरळपणा जाणवत नाही, असे त्वचारोगाची पुस्तकेच सांगतात. म्हणजे भांग रुंद दिसला तेव्हा अर्धी वाट चालून झाली होती. आणि जे खरोखर सुरुवातीला दिसते ते पुष्कळदा लक्षणच नसते. सतराव्या वर्षाची कपाळावरची रेघ पंचविशीपर्यंत सेंटिमीटरभर वर सरकणे हे बहुतेक पुरुषांत घडते. ती प्रौढ रेघ असते, टकलाची नांदी नसते. पेडण्याच्या एखाद्या तरुणाने दहावीच्या फोटोशेजारी आजचा फोटो ठेवला तर त्याला धक्का बसेल, आणि त्या धक्क्याला काही आधार नसेल. ओल्या केसांत कुणाचीही टाळू दिसते. डोक्यावर उभा दिवा असेल तर दाट केसांतूनही कातडी चमकते. मोबाइलचा पुढचा कॅमेरा जवळून धरला की कपाळ मोठे येते. त्यात आजोळची भीती. टक्कल आईच्या वडिलांकडून येते असे घरात ठासून सांगितलेले असते. एक महत्त्वाचा जनुक आईकडून मिळणाऱ्या एक्स गुणसूत्रावर असतो हे खरे, पण या कामात असे कितीतरी जनुक आहेत आणि ते दोन्ही घराण्यांतून येतात. आजोबांचे डोके पाहून नातवाचे भविष्य सांगता येत नाही. उशिरा कळणाऱ्या खुणा आणि खोट्या खुणा एवढेच हाती राहत असेल, तर ओळखणे या शब्दाला अर्थ किती?

आग्रही : एका दिवसाच्या पाहण्याला अर्थ नाही, एवढेच यातून सिद्ध होते. तुलना शेजारणीच्या केसांशी नको, सिनेमातल्या केसांशी तर नकोच. तुलना त्याच डोक्याच्या सहा महिन्यांपूर्वीच्या स्थितीशी करायची. केस कोरडे, भांग त्याच जागी, तीच खिडकी, सकाळचा उजेड, आणि फोटो दुसऱ्या कुणाकडून वरून काढून घेतलेला. केस महिन्याला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो, त्यामुळे आठवड्या-पंधरवड्याने फोटो काढण्यात हशील नाही. दोन-तीन फोटोंत भांग टप्प्याटप्प्याने रुंद होत असेल तर शंका रास्त ठरते. मग डॉक्टर काय करतात तेही माहीत असावे. पन्नास-साठ केसांची बट बोटांत धरून मुळापासून टोकापर्यंत हलके ओढतात. अलीकडच्या निकषांनुसार दोनांहून जास्त केस सुटून आले तर सक्रिय गळती समजतात. आनुवंशिक विरळपणात ही चाचणी बहुधा नकारार्थीच येते, आणि त्यातूनही निदानाला मदत होते. त्यानंतर डर्मोस्कोप या भिंगाच्या यंत्राने टाळू पाहतात. शेजारशेजारच्या केसांच्या जाडीत २० टक्क्यांहून जास्त तफावत दिसली की मुळे बारीक होऊ लागली आहेत असे मानतात. निम्मी दाटी जाण्याच्या कितीतरी आधी हे दिसते. त्वचारोग विभाग बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, म्हणजे गोमेकॉत आहे, आणि पेडण्याहून किंवा डिचोलीहून तिथे पोचणे हा काही फार मोठा प्रवास नाही.

संशयी : बांबोळी लांब नाही, पण माणूस तिथे सर्वांत शेवटी जातो. खूण ओळखली की पाठोपाठ कारण लागते, आणि कारण शोधण्याची आपली रीत ठरलेली आहे. पेडण्यात चांदेलच्या नळाच्या पाण्यावर बोट ठेवतात, किनाऱ्याला मोरजी-हरमलात विहिरीच्या मचूळ पाण्यावर, डिचोलीत खाणीच्या लाल धुळीवर. हेल्मेट तर सगळीकडेच गुन्हेगार. पाण्यातले क्षार केस राठ करतात, खडबडीत करतात, मधून तोडतात, पण केसाच्या मुळाला बारीक करण्याची किमया त्यांच्यात नाही. धूळ धुतली की जाते. हेल्मेटखाली घाम येतो, कोंडा असल्यास खाजतो, टक्कल पडत नाही. पाणी बदलून, फिल्टर बसवून, माका-जास्वंद उकळलेले तेल चोळून वर्ष जाते. खोबरेल केसाच्या दांडीतून प्रथिने निघून जाणे कमी करते हे प्रयोगात दिसले आहे, त्यामुळे तेल लावणारीचे केस तुटतात कमी आणि दिसतात दाट. मुळाला त्याचा उपयोग होतो याचा भक्कम पुरावा नाही. मुंडण केल्याने केस दाट येतात या समजुतीचेही तेच. कापलेले टोक बोथट असते म्हणून ते जाड लागते. लवकर ओळखण्याचा फायदा असा भलत्या वाटेवर खर्ची पडतो.

शेगाव तालुक्यातली घटना या बाबतीत विसरता येत नाही. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत लोकांचे डोके आधी खाजू लागले आणि तीन-चार दिवसांत केस हातात येऊ लागले. सरकारी आकडा पावणेतीनशेच्या पुढे गेला. पहिला संशय तिथेही पाण्यावरच. मग शॅम्पूवर. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक आले, आणि पुढे विंचूदंशावरच्या कामासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमच्या जादा प्रमाणाकडे लक्ष वेधले. खूण शेकडो डोक्यांवर उघड दिसत होती. तरी कारणाचा अंदाज ताटाकडे वळायला वेळ लागलाच.

आग्रही : शेगावचे उदाहरण ओळखण्याच्या बाजूचेच आहे. तिथे विरळपणा आला नव्हता, एकाएकी गळती सुरू झाली होती, आणि एकाएकी गळतीचे कारण नेहमी शरीरात गेलेल्या किंवा शरीरावर गुदरलेल्या गोष्टीत शोधायचे असते. हळूहळू बारीक होणारा केस आणि मूठभर सुटणारा केस यांतला फरक लोकांना माहीत असता, तर पाण्याचे नमुने घेतानाच धान्याचेही घेतले गेले असते. गोव्यातली रोजची उदाहरणे इतकी नाट्यमय नाहीत. जूनमध्ये डेंगीचा ताप येऊन गेला, की चवथीच्या सुमारास केस गळू लागतात. माणूस ताप विसरलेला असतो आणि खापर नव्या साबणावर फुटते. बाळंतपणानंतर तिसऱ्या महिन्यात, मोठ्या शस्त्रक्रियेनंतर, लग्नाआधी उपाशी राहून झटपट वजन उतरवल्यावर हेच होते. धक्क्याने पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम सुटतात. हे ओळखले तर उपचाराची गरजच राहत नाही, कारण सहा-आठ महिन्यांत केस बहुधा परत येतात. कपाळाच्या कडेला उभे राहिलेले आखूड, पण टोकदार आणि जाड केस ही परतीची खूण. ऋतूचाही थोडा हात असावा. झुरिचमध्ये आठशेवर स्त्रियांच्या केसांच्या अभ्यासात विश्रांतीतल्या केसांचे प्रमाण जुलैत सर्वाधिक आढळले होते. तिथल्या उन्हाळ्यात आणि इथल्या पावसात महिना तोच. निष्कर्ष गोव्याला जसाच्या तसा लागू होईल असे नाही, पण सगळे पाप पावसाच्या माथी मारण्याआधी थांबायला हरकत नाही.

दुसरे कारण रक्तातले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत गोव्यातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण सुमारे ३९ टक्के आढळले. डिचोली तालुक्यातून वर्षानुवर्षे लोहखनिजाचे ट्रक गेले, रस्ते आणि झाडांची पाने लाल झाली, आणि त्याच रस्त्याकडेच्या घरांतल्या बायकांच्या अंगात लोह कमी. जड पाळी, पाठोपाठची बाळंतपणे, जेवणाला लागूनच चहा. भांग रुंदावलेला नसताना सगळीकडून सारखे केस कमी होऊ लागले तर हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासावे. केसांचे निमित्त होऊन रक्तक्षय सापडला, तर केस परत येवोत न येवोत, तपासणी वाया गेली नाही.

संशयी : फेरिटिनचे नाव निघाले ते बरे झाले. रक्तक्षय सापडला तर तो केसांसाठी नव्हे, बाईसाठी बरा करायला हवा, यात वादच नाही. पण हिमोग्लोबिन ठीक असून फेरिटिन थोडे खाली असेल, तर त्याने केस विरळ होतात का, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. काही पाहण्यांत संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. तरीही अहवालावर ठळक अक्षरांत आकडा आला की गोळ्या सुरू होतात. केसांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन भरमसाठ असते. त्याची कमतरता खऱ्या माणसांत क्वचित आढळते, उलट ते जास्त घेतले तर थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या काही रक्तचाचण्यांचे निकाल चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ सालीच दिला होता. अशा पुष्कळ गोळ्यांत सेलेनियमही असते, आणि शेगावात बोट ठेवले गेले ते नेमक्या त्याच्यावर. अ जीवनसत्त्व प्रमाणाबाहेर गेले तरी केस गळतात. म्हणजे खूण ओळखून धावणारा माणूस औषधाच्या नावाखाली गळतीचे कारण पोटात घेऊ शकतो. निदान जितके लवकर, तितका हा काळ लांब.

आग्रही : त्यावर उपाय निदान लांबवणे हा नाही. काही प्रकारांत उशीर परवडतच नाही. लायकेन प्लॅनोपायलॅरिससारख्या रोगांत केसाच्या मुळाभोवती दाह होतो, मूळ मरते आणि तिथे व्रण राहतो. तिथे पुन्हा केस येत नाही. त्याची सुरुवात जळजळ, दुखरेपणा, केसांच्या बुंध्याशी लाली आणि पापुद्रे अशी होते, नंतर कातडी गुळगुळीत, चकचकीत होते आणि केसांची छिद्रेच दिसेनाशी होतात. पन्नाशीनंतरच्या स्त्रीची कपाळावरची रेघ मागे जात असेल आणि सोबत भुवया विरळ होत असतील तर तो आनुवंशिक विरळपणा नव्हे. सिडनीच्या कोसार्ड या त्वचारोगतज्ज्ञाने १९९४ साली रेघ मागे नेणाऱ्या या वेगळ्या रोगाचे वर्णन केले. शाळकरी मुलाच्या डोक्यावर खपली, तुटलेल्या केसांचे काळे ठिपके आणि खाज असेल तर गजकर्णासारखा बुरशीचा संसर्ग असतो, त्याला पोटातून औषध लागते आणि घरातल्या इतर मुलांनाही पाहावे लागते. चाईचा गोल, स्वच्छ, गुळगुळीत चट्टा पुष्कळदा आपोआप भरतो, पण चट्टे वाढू लागले तर थांबू नये. आणि घट्ट अंबाड्याची सवय. कानशिलांपाशी, कपाळाच्या कडेला रोज ताण बसून केस मागे हटतात, अगदी कडेला बारीक केसांची झालर तेवढी राहते. या अवस्थेत अंबाडा सैल केला तर केस येतात. दहा वर्षांनी सैल केला तर येत नाहीत. सण-समारंभाला फुलांचा गजरा माळल्याने हे होत नाही, रोज ओढून बांधल्याने होते.

संशयी : हे सगळे बिनतक्रार मान्य. जळजळ, लाली, पापुद्रे, चट्टा, मुलाच्या डोक्यावरची खपली, भुवयांची गळती, एकाएकी सुटणारे केस. यांत कुणी वाट पाहू नये. पण अशी डोकी थोडी. उरलेल्या बहुसंख्यांत फक्त आनुवंशिक विरळपणा असतो. त्याने दुखत नाही, आयुष्य घटत नाही. त्यावरचे मिनॉक्सिडिल मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले म्हणून त्याचे लोशन झाले आणि १९८८ साली अमेरिकेत टकलासाठी मंजूर झाले. फिनास्टराइड प्रोस्टेटसाठी आधीपासून होते, ते १९९७ साली पुरुषांच्या टकलासाठी आले. पहिले लावल्यावर सुरुवातीच्या आठवड्यांत केस आणखी गळतात आणि घाबरून लोक ते सोडतात. दुसऱ्याचे लैंगिक दुष्परिणाम थोड्यांना होतात, पण होतात, आणि गरोदर स्त्रीने त्या गोळीचा चुरा हाताळूसुद्धा नये. दोन्ही थांबवली की काही महिन्यांत मिळवलेले जाते. तेव्हा बाविसाव्या वर्षी डर्मोस्कोपखाली २० टक्क्यांची तफावत दिसलेल्या मुलाला, ज्याचे केस त्याच्या आईलाही दाटच दिसतात, आपण जन्मभराचे औषध देतो आहोत. त्याला रोग आहे हे त्याला यंत्राने सांगितले. म्हापशाच्या बाजारात चारचौघांत वावरताना पन्नाशीचा टकला माणूस रोगी मानला जात नाही.

आग्रही : पन्नाशीचा मानला जात नाही, पंचविशीचा मानला जातो, आणि लग्नाच्या बाजारात तर तोंडावर बोलून दाखवतात. बाईच्या रुंद भांगाबद्दल तर तेवढेही उघड बोलत नाहीत, ती ओढणी किंवा पदर पुढे ओढते. शिवाय तिच्यात विरळपणासोबत अनियमित पाळी आणि हनुवटीवर केस असतील तर पीसीओएसची तपासणी व्हायला हवी, म्हणजे तिथेही खूण केसांपुरती राहत नाही. औषधांचे म्हणाल तर ती गेलेले आणण्यात दुबळी आणि आहे ते राखण्यात बरी आहेत. लव झालेल्या मुळाला पुन्हा जाड केस देणे अवघड, बारीक होऊ लागलेल्याला सावरणे त्या मानाने सोपे. म्हणून उपाय करायचाच असेल तर तो लवकर करण्यात शहाणपण आहे, आणि लवकर करायचा तर लवकर ओळखावे लागते. ओळखल्यावर काहीच न करण्याचा पर्यायही खुला असतो. न ओळखणाऱ्याला मात्र निवड करायला मिळतच नाही.

संशयी : काहीच न करण्याचा पर्याय कागदावर खुला असतो. ज्याला एकदा सांगितले, तो मुलगा पुढचे सहा महिने आरशापुढे रोज बट ओढून पाहणार. सहा महिन्यांनी फोटो जुळवताना फरक निघाला नाही तर त्याला सांगायचे काय, की पुढच्या सहा महिन्यांत निघेल?

आग्रही : सांगायचे हेच, की फरक नाही, औषध नको, वर्षाने पुन्हा पाहू. आणि निघाला तर निर्णय त्याने घ्यायचा, डॉक्टरने किंवा सलूनवाल्याने नव्हे. बाविशीत तो निर्णय घेण्याइतकी समज असते की नाही, यावर मतभेद होऊ शकतो. पण तिशीपर्यंत थांबावे म्हटले, तर घराण्यात लवकर टक्कल पडणाऱ्याच्या बाबतीत राखण्यासारखे किती उरलेले असेल, याचा हिशेब थांबायला सांगणाऱ्याने द्यायला हवा.

संशयी : आणि आठ वर्षे औषध लावणाऱ्यांपैकी ज्यांना मुळात टक्कल पडणारच नव्हते, अशांचा हिशेब ‘सुरू करा’ म्हणणाऱ्याने. बाविशीत हे दोघे डर्मोस्कोपखाली सारखेच दिसतात.